गहाण पडलेलें नांव

गेल्या महिन्यांत कांदिवलीच्या चारकोप वसाहतींतून आमचे एक जुने स्नेही आमच्याकडे आले. निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तरीच्या पुढें, आणि या मासिकाचे कित्येक वर्षांचे वाचक. एरवीं ते आले म्हणजे एखाद्या लेखांतील शब्दाच्या व्युत्पत्तीवरून आमच्याशीं वाद घालावयाचे. या खेपेस मात्र चहा पुढें आला तरी त्यांनीं वादाला तोंड फोडलें नाहीं. "घरांत दोन तट पडले आहेत," ते म्हणाले, "आणि दोन्ही तटांना आपलाच पक्ष नीतीचा वाटतो. तुम्ही एकदां दोहोंचें ऐकून घ्या."

तंटा त्यांच्या नातवावरून उभा राहिला होता. नातू व्यवसायानें डीजे आहे. म्हणजे लग्न, मुंज, वाढदिवस अशा समारंभांत गाणीं निवडून, एका गाण्यांतून दुसऱ्या गाण्यांत ताल न तुटूं देतां जाऊन, तीं जमलेल्या मंडळींना ऐकविण्याचें काम तो करतो. पदवी घेऊनही त्यानें नोकरी धरली नाहीं याचें दुःख घरानें केव्हांच गिळलें आहे. दीड वर्षापूर्वीं ध्वनियंत्रांच्या एका कंपनीनें त्याच्याशीं तीन वर्षांचा करार केला. कंपनीनें त्याला दोन मोठे स्पीकर आणि गाणीं मिसळण्याचा एक कंट्रोलर वापरावयास दिला. त्याच्या मोबदल्यांत प्रत्येक कार्यक्रमांत तींच यंत्रें वापरावयाचीं, त्यांच्यासह आपलें छायाचित्र प्रसिद्ध करावयाचें, आणि दरमहा त्यांची वाखाणणी करणारें कांहीं तरी लिहावयाचें, असें ठरलें.

पहिले कांहीं महिने ठीक गेले. मग वसाहतींतील एका सोसायटीच्या अंगणांत एक मुंज झाली. बटूच्या पणजीनें स्वतः रचलेलीं मंगलाष्टकें म्हणावयाचीं होतीं. वृद्ध बाईंनीं माइक हातांत घेऊन जीव ओतून तीं म्हटलीं. पण तिसऱ्या रांगेपलीकडे एक शब्दही कोणाला धड कळला नाहीं. सायंकाळीं त्याच स्पीकरांवर गाणीं लागलीं तेव्हां मात्र समोरच्या घरांच्या कांचा थरथरूं लागल्या. त्याच आठवड्यांत करारानुसार लिहावयाची पाळी होती. नातवानें लिहिलें, आवाज अगदीं स्वच्छ. पुढें महिन्याभरानें शेजारच्या सेक्टरांतील एक होतकरू मुलगा पेढे घेऊन घरीं आला. त्यानें कर्ज काढून तसलेच दोन स्पीकर घेतले होते. "दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून घेतले," असें म्हणून त्यानें वांकून नमस्कार केला. त्या रात्रीं नातवानें वडिलांना सांगितलें कीं, मला हा करार संपवावयाचा आहे.

वडिलांची सारी नोकरी बँकेंत झाली. त्यांचें म्हणणें, सही केली आहे ना, मग तीन वर्षें पुरीं कर. दिलेला शब्द अर्ध्यावर टाकणें आपल्या घरांत कधीं झालें नाहीं. शिवाय यंत्रें परत केल्यावर नवीं घ्यावयास पैसा कोठून येणार? मुलाचें म्हणणें एका वाक्याचें होतें: "बाबा, शब्द मीं कंपनीला दिला, पण घेतला त्या मुलानें."

हा प्रश्न एका घरापुरता असता तर आम्हीं तो येथें मांडला नसता. परंतु आज पुष्कळ घरांतील मुलांमुलींचा चरितार्थ थोडाबहुत अशा शिफारशींवर चालतो. कोणी स्वयंपाकाच्या भांड्यांची करतें, कोणी साड्यांची, कोणी यंत्रांची. तेव्हां डीजेच्या निमित्तानें या प्रश्नाचा नीट विचार करूं.

डीजे हा शब्द ऐकतांच आमचे कांहीं वाचक नाक मुरडतील हें आम्ही जाणून आहों. परंतु हा धंदा मूलतः कानाचा आहे, आणि ज्याचा धंदा कानाचा त्याचें पहिलें काम म्हणजे आपलें साधन पारखून घेणें. मिरजेस तंबोरा घ्यावयास गेलेला गवई भोपळ्यावरील नक्षी पाहून भाव करीत नाहीं. तारा छेडून जवारी ऐकतो, आणि ती मनासारखी लागेपर्यंत कारागिरापाशीं बसून राहतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण गवयांच्या कानांनीं तें मानांकन कित्येक पिढ्या आधींच देऊन टाकलें होतें. बालगंधर्वांनीं आपल्या मंडळींत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष यांना आणलें, तेंही खर्चाचा हिशेब करून नव्हे, कानाला जें पटलें त्याखातर. साधनाची निवड कानाकडून काढून दुसऱ्या कोणाच्या हातीं दिली कीं कलावंताजवळ फारसें कांहीं उरत नाहीं.

डीजेची निवड या दृष्टीनें गवयापेक्षां अधिकच अवघड आहे, कारण त्याला ऐकणाऱ्यांचा आणि न ऐकूं इच्छिणाऱ्यांचा, असा दोघांचाही विचार करावा लागतो. बाजारांत स्पीकर वॅटांवर विकले जातात. पांचशें वॅटांपेक्षां हजार वॅट दुप्पट, असें गिऱ्हाइकाला वाटतें. प्रत्यक्षांत शक्ति दुप्पट केली तर आवाज अवघा ३ डेसिबलांनीं वाढतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा भासण्यास सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति लागते. उलट उघड्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारे ६ डेसिबलांनीं उतरतो. म्हणजे लांबच्या माणसाला ऐकूं जावें म्हणून समोर दोन राक्षसी पेट्या उभ्या करण्यापेक्षां, लहान लहान चार-सहा पेट्या ऐकणाऱ्यांच्या जवळ ठेवणें शहाणपणाचें. शिवाय बोललेला शब्द समजतो तो मुख्यतः व्यंजनांवरून, आणि व्यंजनें असतात वरच्या कंपनसंख्यांत. ढोलासारखा खर्ज मात्र भिंती ओलांडून शेजारच्या घरांत शिरतो. ज्या पेटींत खर्ज दणदणीत आणि वरचा स्वर मलूल, तिच्यावर नाच चांगला होतो. मंगलाष्टकें होत नाहींत. त्या पणजींचें गाऱ्हाणें एवढ्या साध्या कारणाचें होतें.

चारकोपांत तर ही गोष्ट विशेष लागू पडते. जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ ते १९९४ या काळांत राबविलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पांत ही वसाहत वसली. सरकारनें लहान लहान भूखंड आंखून रस्ते-पाणी पुरविलें आणि घरें ज्याचीं त्यानें आपापल्या ऐपतीप्रमाणें बांधलीं. सुमारे पस्तीस घरांची एक सहकारी संस्था आणि मध्यें सामाईक अंगण, अशी तिची मूळ रचना. एका घरची मुंज पस्तीस घरांची व्हावी असें तें अंगण आहे. पण त्याच अंगणांतील गोंगाटही पस्तीस घरांचा होतो. त्यांत कोणाचें मूल परीक्षेला बसलेलें, कोणाची आई अंथरुणाला खिळलेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे; सणासुदीसाठीं सरकार वर्षांतून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें. सप्टेंबर २०१८ मध्यें या व्यवसायाच्या एका संघटनेनें गणेशोत्सवांत मोठीं ध्वनियंत्रें वाजवूं द्यावीं म्हणून मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां न्यायालयानें अंतरिम सवलत दिली नाहीं. अनेकांचें पोट या धंद्यावर आहे हें खरें. पण पोटाचा हक्क शेजाऱ्याच्या झोपेवरून चालत जाऊं शकत नाहीं, एवढें त्यावरून कळावें.

डीजेच्या स्वतःच्या कानांचाही प्रश्न आहेच. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबलांच्या आवाजांत माणसानें दिवसाकांठीं ८ तासांहून अधिक राहूं नये, आणि पुढें दर ३ डेसिबलांगणिक ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलांस अवघा पाव तास. ज्याचें भांडवल कान, त्यानें यंत्र निवडतांना हा हिशेब विसरतां कामा नये.

आतां शिफारशीकडे वळूं. नामवंतांनीं मालाची शिफारस करणें आपल्याकडे नवें नाहीं. १९४१ सालीं लीला चिटणीस यांचें चित्र लक्स साबणाच्या जाहिरातींत झळकलें. भारतीय नटीनें त्या साबणाची तरफदारी करण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या काळच्या गृहिणींनीं तें चित्र कौतुकानें पाहिलें, कोणीं साबण घेतला, कोणीं घेतला नाहीं. नटीचा साबणाशीं संबंध तुमच्याआमच्याइतकाच, हें सर्वांना ठाऊक होतें. कारागिरानें आपल्या हत्याराची शिफारस करणें ही गोष्ट निराळी. सुतार म्हणाला कीं ही करवत चांगली, तर दुसरा सुतार ती जाहिरात मानीत नाहीं. ती साक्ष मानतो. डीजेनें स्पीकरांविषयीं लिहिलेलें एक वाक्य त्या होतकरू मुलाला बँकेच्या दारापर्यंत घेऊन गेलें, तें तें वाक्य साक्षीचें होतें म्हणूनच.

बिनपैशाची साक्ष काय करूं शकते याचें एक उदाहरण याच धंद्यांत आहे. १९७२ सालीं जपानच्या मात्सुशिता कंपनीनें टेक्निक्स या नांवाखालीं एसएल-१२०० हें तबकड्या वाजविण्याचें यंत्र काढलें. तें काढलें होतें घरीं बसून संगीत ऐकणाऱ्या शौकिनांसाठीं. डीजेंनीं पाहिलें कीं याची मोटर जोरकस, बांधणी भक्कम, आणि फिरती तबकडी हातानें थांबवून सोडली तरी ती चटकन् आपल्या वेगावर येते. एकाचें पाहून दुसऱ्यानें घेतलें, आणि १९७९ सालीं सुधारलेली आवृत्ति निघाली ती डीजेंच्या गरजा लक्षांत घेऊनच. २०१० सालीं कंपनीनें तें यंत्र बंद केलें. मागणी काहीं हटेना, म्हणून २०१६ सालीं पुनः सुरू करावें लागलें. ही कीर्ति कोणाच्या करारावर उभी राहिलेली नव्हती.

याच्या उलट बाजूचें उदाहरणही घ्या. मोठ्या नृत्यगृहांत पायोनियरचीं यंत्रें इतकीं रुळलीं होतीं कीं त्यांच्याविना पान हालत नसे. ही मिरास मोडण्यासाठीं डेनॉन डीजे या कंपनीनें २०१७ सालीं नामांकित डीजेंना आपल्याकडे घेऊन एक मोहीम काढली. कार्यक्रमाआधीं कलावंत आयोजकाकडे आपल्याला लागणाऱ्या साहित्याची यादी धाडतो; तिला या धंद्यांत रायडर म्हणतात. "तुमचा रायडर बदला" हेंच त्या मोहिमेचें घोषवाक्य होतें. यांत आम्हांला कांहीं गैर दिसत नाहीं. एकाच दुकानाची मिरास मोडली तर गिऱ्हाइकाचें भलेंच होतें, आणि ऐपत नसलेल्या हुशार कलावंताला अशा करारानें महाग यंत्रें हाताळावयास मिळतात. पाहावयाचें एवढेंच कीं, ती यादी कानानें लिहिली आहे कीं करारानें. दोघांचें मत एक असेल तोंवर प्रश्न नाहीं. तें निराळें होईल त्या दिवशीं नांव गहाण पडलें असें समजावें.

नांवाची काय दशा होऊं शकते हें आपल्या महाराष्ट्रांत सांगावयास नको. मिरवणुकींतील भिंतीएवढ्या स्पीकरांस आपल्याकडे सर्रास डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते १९६३ पासून दोन वर्षें चंडीगडच्या शास्त्रीय उपकरणांच्या संस्थेंत संयुक्त राष्ट्रांतर्फे सल्लागार होते. १९६५ सालीं त्यांनीं लंडनमध्यें आपली प्रयोगशाळा काढली, आणि तिची पहिली करामत म्हणजे ध्वनिमुद्रणांतील खरखर कमी करण्याची युक्ति. त्या प्रयोगशाळेनें मिरवणुकींतले ते स्पीकर कधीं बनविले नाहींत. ज्यानें खरखर घालविली त्याचें नांव आमच्याकडे गोंगाटाला चिकटलें. न विचारतां चिकटलेलें नांव सुटणें इतकें कठीण. मग स्वतःच्या सहीनें चिकटविलेलें नांव वेळींच सोडवून घ्यावें हें उत्तम.

आतां आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांचा आक्षेप. दिलेला शब्द पाळावा, हें त्यांचें म्हणणें आम्हांस शिरसावंद्य आहे. पण कोणता शब्द दिला होता तें पाहिलें पाहिजे. यंत्रें वापरीन, छायाचित्र देईन, हें वचन देतां येतें आणि पाळतांही येतें. "उद्यां माझ्या कानाला हा आवाज गोडच लागेल" असें वचन कोणालाही देतां येत नाहीं, आणि कोणी मागूंही नये. कायदाही हेंच सांगतो. जून २०२२ मध्यें केंद्र सरकारनें काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें शिफारस ही करणाऱ्याच्या खऱ्या आणि चालू मताची निदर्शक असली पाहिजे, पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असली पाहिजे, आणि कंपनीशीं देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो उघड सांगितला पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुनः केल्यास ५० लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. शिवाय शिफारस करण्यास एक वर्षापर्यंत, आणि पुढच्या खेपेस तीन वर्षांपर्यंत बंदी घालतां येते. "चालू मत" हे दोन शब्द आम्हांला फार मोलाचे वाटतात. काल खरें असलेलें मत आज उरलें नसेल, तर कालची शिफारसही आज उरत नाहीं.

म्हणून आम्हीं नातवाला सांगितलें कीं, करार संपवावा. पण तो वडिलांना शोभेल अशा रीतीनें. मध्येंच पळून जाऊं नये. करारांत सोडण्याविषयीं कलम काय आहे तें वाचावें, आणि त्याप्रमाणें मुदतीची लेखी सूचना द्यावी. कलम नसेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. यंत्रें यादी करून परत करावीं आणि पोंच घ्यावी. तीं ठेवून घेतलीं तर तो कराच्या दृष्टीनें लाभ ठरतो, परत केलीं तर नाहीं, असें आयकर खात्यानें २०२२ च्या परिपत्रकांत स्पष्ट केलेलें आहे. वाखाणणी मात्र सूचनेची मुदत सुरू असतांही करूं नये. आजच थांबवावी आणि जुनीही काढून घ्यावी. कंपनीला शिव्या देऊं नयेत. तिचे स्पीकर बंद सभागृहांतल्या नाचाला चांगले असतील, तर विचारल्यास तेंही सांगावें. आणि या सगळ्याच्या आधीं, पत्र टपालांत पडण्यापूर्वीं, त्या कर्ज काढलेल्या मुलाच्या घरीं स्वतः जाऊन त्याला खरें काय तें सांगावें. तें ऋण करारांत कोठेंही लिहिलेलें नाहीं, पण सर्वांत आधीं फेडावयाचें तेंच आहे.

पंधरवड्यानें स्नेह्यांचें पत्र आलें. सूचनेचा मसुदा वडिलांनींच लिहून दिला, आणि बँकेच्या शिस्तीनें त्याची एक प्रत घरच्या दप्तरींही ठेवली. यंत्रें परत गेलीं. त्या मुलाच्या घरीं नातू गेला तेव्हां मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, शेवटीं एवढेंच म्हणाला, "आधीं सांगितलं असतंत तर बरं झालं असतं." तें ऐकून घेण्यावांचून उपाय नव्हता. आतां दोघांनीं मिळून काम करण्याचें ठरविलें आहे. त्याचे मोठे स्पीकर सभागृहांतल्या कार्यक्रमांस लावावयाचे. अंगणांतल्या कार्यासाठीं नातवानें लहान चार पेट्या भाड्यानें आणावयाच्या. कर्जाचे पुढचे सहा हप्ते नातू निम्मे भरणार आहे. हें शेवटचें कलम त्यानें कोणाला न विचारतां घातलें, आणि वडिलांनीं त्यावर कांहींच म्हटलें नाहीं, असें आजोबांनीं मुद्दाम कळविलें आहे.

आमच्या वाचकांच्या घरीं येत्या दिवसांत मुंजी-लग्नें निघतील, आणि डीजे ठरवावयाचा प्रसंग येईल. त्याच्या पेट्यांवर कोणाचें नांव आहे आणि त्या किती वॅटांच्या आहेत, हें विचारण्यांत फारसा अर्थ नाहीं. शेवटच्या रांगेंत बसलेल्या आजींना मंगलाष्टकांतला शब्द कळेल काय, आणि समोरच्या घरांतील आजाऱ्याला झोप लागेल काय, एवढें विचारावें. जो याचें उत्तर देण्याआधीं अंगणाच्या टोंकापर्यंत चालत जाऊन येईल, त्याला काम द्यावें.